झेडपीची शाळा, तीन वर्षं वापरून: पाचपैकी साडेतीन, त्यातला दीड एकट्या बाईंचा

मिक्सर घेताना आपण दहा रिव्ह्यू वाचतो, वॉरंटी बघतो, दुकानात जाऊन लावून बघतो, आणि पोराला शाळेत घालताना मात्र "डॉक्टरांची मुलं तिथंच आहेत" एवढ्यावर पन्नास हजार भरून मोकळे होतो. मी पण झाले होते. म्हणून म्हणलं आता हा पण रिव्ह्यू लिहावा, वापरून झालेल्या वस्तूचा लिहितात तसा.

शाळेचं नाव सांगणार नाही, गावाचं पण नाही. सातारा जिल्हा, कराडपासून एसटीनं अर्धा तास, एवढं पुरे. नाव टाकलं की कोणीतरी चौकशी लावतं आणि ती बिचाऱ्या बाईंच्या डोक्यावर येते. पहिल्या शाळेचं नाव पण टाकत नाही, तिथं अजून माझ्या जावेची मुलं आहेत आणि मला दिवाळीला एकाच पंगतीत बसायचंय.

तर पहिली शाळा. इंग्लिश मिडियम, हायवेला लागून, गेटवर कारंजं. थोरली तिथं ज्युनिअर केजीपासून दुसरीपर्यंत होती, म्हणजे २०१८ ते २०२२, त्यातली दोन वर्षं कोरोनात मोबाईलवर गेली, पण फी मात्र पूर्ण. शेवटच्या वर्षीचा हिशोब माझ्या वहीत अजून आहे (पतसंस्थेत कॅशियर आहे, सवय जात नाही): फी ३४,०००, बस ११,०००, पुस्तकं-वह्या ५,८०० आणि त्या त्यांच्याच काउंटरवरून घ्यायच्या, वह्यांवर शाळेचं चित्र म्हणून एक वही सत्तर रुपये. शूज दोन जोड, एक काळा एक पांढरा. ॲक्टिव्हिटी फी वेगळी. ॲक्टिव्हिटी काय झाली विचारलं तर म्हणे ऑनलाइन यलो डे. म्हणजे पोरीला पिवळा फ्रॉक घालून, हातात केळं देऊन फोटो पाठवायचा. फ्रॉक माझा, केळं माझं, फोन माझा, आणि फी त्यांची.

तसं शिकवत नव्हते असं नाही. मिस चांगल्या होत्या, पण दर वर्षी नवीन, कधी कधी दिवाळीनंतर पण नवीन, कारण पगार किती ते मला माहिती आहे, एका मिसचं खातं आमच्याच पतसंस्थेत होतं. आकडा सांगत नाही, पण आमच्या शिपायाला जास्त आहे.

डोकं कशानं फिरलं ते सांगते. मे महिना होता, स्टँडवर उभ्या होतो. मी पोरीला म्हणलं, बघ गं समोरची गाडी कुठली आहे. तिनं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पाटीकडे. पाटीवर "उंब्रज" होतं. तिला तो "ब्र" काही सुटेना. बरं, मराठी त्यांच्याकडे दुय्यम, ठीक आहे, म्हणून मी पर्समधली औषधाची पावती काढली, इंग्लिशमध्ये छापलेली, म्हणलं हे वाच. ते पण नाही. पण एलिफंटचं स्पेलिंग विचारलं की धडाधड, फोटोसिंथेसिस म्हणजे काय विचारलं की डोळे मिटून दोन ओळी. म्हणजे पोरीच्या डोक्यात माल भरपूर होता, पण वापरता येईना. घरी येऊन ५०० मधून ३८० गेले तर किती विचारलं, तर म्हणाली "मिसनी हे अजून दिलं नाही". दिलं नाही! जसा काही वाणसामानाचा पुडा आहे.

मग मी ठरवलं. घरात जे झालं ते रामायण लिहित बसत नाही. सासूबाई म्हणाल्या, अगं ऐपत असून लोकांनी काय म्हणायचं. जाऊबाई म्हणाल्या, तिथं कुठली कुठली मुलं असतात माहितीये ना. त्या "कुठली कुठली" मध्ये ऊसतोड्यांची, मागच्या गल्लीतली, वीटभट्टीवरची सगळी आली. मी स्वतः झेडपीत शिकलेली, नवरा पण झेडपीतला, त्याचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे आणि तोंडी हिशोबात त्याला कोणी हरवत नाही. पण आम्ही दोघं "तेव्हाची झेडपी वेगळी होती" असं म्हणायचो, आत जाऊन मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

ॲडमिशनचा अनुभव. हायवेच्या शाळेनं दाखला अडवला. कोरोनातली एक टर्मची बस फी बाकी आहे म्हणे, जी बस कधी आलीच नाही. मी रडकुंडीला येऊन झेडपीच्या बाईंकडे गेले, त्या म्हणाल्या, ताई दाखला येईल तेव्हा येईल, उद्यापासून पाठवा. मला वाटलं उगीच धीर देतायत. पण खरंच कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात लिहिलंय की दाखला मागितला की मुख्याध्यापकानं लगेच द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही. त्याच कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घ्यायला बंदी आहे, घेतली तर पहिल्या वेळी २५,००० पर्यंत दंड. आणि ज्युनिअर केजीच्या वेळी आम्ही दोघं नवरा-बायको तिथं इस्त्रीचे कपडे घालून "पॅरेंट इंटरॅक्शन"ला बसलो होतो, नवरा आदल्या रात्री इंग्लिशमध्ये स्वतःची ओळख पाठ करत होता. आठवलं की आता हसू येतं, तेव्हा पोटात गोळा होता.

आता शाळा. चार वर्ग, दोन शिक्षक, पट तेव्हा सत्तेचाळीस. कायद्याच्या हिशोबानं साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे पहिली-दुसरी सरांकडे आणि तिसरी-चौथी बाईंकडे, एका खोलीत दोन वर्ग. हे ऐकून माझं अर्धं अवसान गेलं होतं. एका फळ्याच्या मधोमध खडूची रेघ, डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. पण मी पहिला आठवडा मुद्दाम कुठलं ना कुठलं निमित्त काढून खिडकीशी जाऊन उभी राहायचे, तेव्हा जे बघितलं ते सांगते. बाई चौथीला भागाकार देऊन तिसरीकडे वळल्या की चौथीतली दोन मुलं उठून तिसरीतल्या कच्च्या मुलांजवळ जाऊन बसायची, कोणी सांगावं लागत नव्हतं. माझ्या पोरीला "ब्र" आणि "र्ब" यातला फरक चौथीतल्या एका मुलीनं शिकवला, तिची आई भट्टीवर विटा थापते. जाऊबाईंच्या "कुठल्या कुठल्या" मधली. पंधरा दिवसांत पोरगी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागली, देशी दारू दुकानाची सुद्धा, एसटीत सगळ्यांसमोर.

बाईंचं गणित शिकवणं हा वेगळा विषय आहे. एकदा त्यांनी माझ्याकडे निरोप पाठवला, दुकानातला जुना तागडीचा काटा मिळेल का. नवऱ्यानं कुठून तरी मिळवून दिला. मग आठवडाभर वर्गात बाजार. कांदे, खडे, चिंचोके, पावकिलो अर्धा किलो, पाच रुपये पाव तर पाऊण किलोचे किती, सुटे पैसे परत दे, उधारी लिहून ठेव. उधारी पण! आमच्या पोरीनं एका मुलाकडे साडेबारा रुपयांची उधारी लावली होती आणि ती वसूल करायला रविवारी त्याच्या घरी जायला निघाली होती, मी अडवलं. ५०० मधून ३८० चं उत्तर आता विचारायच्या आधी येतं.

हे सगळ्या झेडपी शाळांत असंच आहे असं मी म्हणणार नाही, कारण नाहीये. माझ्या माहेरच्या गावातली शाळा मी बघितलीय, तिथं सर मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत आणि चौथीतल्या पोराला जोडाक्षर येत नाही. असरचा (खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचता येतं का तपासतात ती पाहणी) २०२४ चा अहवाल होता ना, त्यात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुलं २३.४ टक्के. म्हणजे चारातलं एक पण धड नाही. २०२२ ला तर १६.३ होते, तेव्हापेक्षा बरं म्हणायचं. खासगीतले आकडे यापेक्षा चांगले असतात, ते पण मान्य, पण तिथं जाणाऱ्या मुलांच्या घरात आधीच वाचणारी आई असते, शिकवणी असते, ते कोण मोजणार. माझी पोरगी खासगीत असताना तिला रोज संध्याकाळी दीड तास घेऊन मीच बसायचे, आणि नाव शाळेचं.

खिचडी. ह्याबद्दल सगळे विचारतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावीच्या पुढं १५० ग्रॅम, असं माप आहे. योजना १९९५ ची, तेव्हा महाराष्ट्रात महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, मी स्वतः पिशवी घेऊन उभी राहिलेली आहे. शिजवलेलं द्यायचं हे सुप्रीम कोर्टानं २००१ ला सांगितल्यावर आलं. चव? खरं सांगते, मटकीची उसळ-भात छान, मसालेभात छान, साधी मूगडाळ खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. माझा धाकटा, जो घरी वांगं बघून पळतो, तो तिथं चाळीस मुलांच्या ओळीत बसून वांगं खातो, घरी मात्र अजून पळतोच. अंडी पण सुरू झाली होती २०२३ च्या शेवटी, आठवड्याला एक, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी हजेरी फुल्ल असायची, बाईच सांगायच्या. मग २०२५ च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचा वेगळा निधी बंद केला, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणे. शिजवणाऱ्या मावशींना तेव्हा महिना २,५०० रुपये, ते पण महिनोन् महिने यायचे नाहीत. अडीच हजारांत सत्तेचाळीस मुलांचं रोज शिजवायचं, भांडी घासायची, आणि वर चव बघायला साहेब. यात माझा एक स्टार कापला तो मावशींसाठी नाही, मावशींचे पैसे अडवणाऱ्यांसाठी.

गणवेशाचं तर विचारूच नका. आधी पद्धत अशी होती की एका गणवेशाला ३०० रुपये शाळेच्या समितीकडे यायचे, समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या शिंप्याकडून शिवून घ्यायची, मापं घेऊन. कमी पैसे, पण कपडा अंगाला बसायचा. २०२४-२५ ला "एक राज्य एक गणवेश" आलं. कापड एकाच ठिकाणाहून कापून येणार, बचत गट शिवणार, आणि दुसऱ्या स्काऊट-गाईडच्या गणवेशाचं नुसतं कापड येणार, शिलाईला ११० रुपये. आमच्या गावातला शिंपी ११० ऐकून म्हणाला, ताई बटणं लावून देतो तेवढ्यात. १५ ऑगस्टला निम्म्या महाराष्ट्रातली पोरं जुन्या कपड्यात. आमच्याकडे आला तेव्हा धाकट्याच्या शर्टाच्या बाह्या गुडघ्याला चार बोटं कमी, आणि शेजारच्या जाडजूड पोराला तोच शर्ट बटणाला बटण भेटत नव्हता. मुलांनी आपापसात अदलाबदल करून प्रश्न सोडवला, मंत्रालयात ते कोणाला सुचलं नसतं. डिसेंबरात सरकारनं निर्णय मागे घेतला, परत समितीकडे दिलं. पुस्तकांचं पण तेच, पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली दप्तराचं ओझं कमी करायला, मुलं ती पानं वापरेनात, वह्या पण न्यायच्या आणि जाड झालेलं पुस्तक पण न्यायचं, दोन वर्षांनी ती पानं पण काढली.

तर सरकारची भूमिका सरकारची भूमिका म्हणून जे भांडण चालतं ना, सरकारनं शाळा चालवाव्यात का नाही, त्यात मला हेच म्हणायचंय. सरकारनं पैसे द्यावेत, शिक्षक द्यावा, आणि तो टिकू द्यावा. शर्टाच्या बाहीचं माप आमच्यावर सोडावं.

बाईंच्या फोनचं पण सांगायला पाहिजे. दिवसभर लिंक. ही माहिती भरा, तो फोटो अपलोड करा, यु-डायसमध्ये (सरकारची शाळांची ऑनलाइन नोंद) नाव चुकलंय, आधार जुळत नाही, झाड लावल्याचा सेल्फी टाका, आज चार वाजेपर्यंत, अति तातडीचे. मी एकदा मोजलं, मी ऑफिसात बसून पैसे मोजणार नाही तेवढ्या वेळा त्यांना ग्रुपवर "निरंक", म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, असं लिहावं लागतं. कायद्यात स्पष्ट आहे की शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम लावायचं नाही, पण हे तर निवडणुकीच्याच नावावर मतदार यादीचं काम वर्षभर चालतं. २०२४ ला तर आधी लोकसभा, मग विधानसभा, दोन्ही वेळा आमची शाळा बूथ आणि सर ड्युटीवर, त्या दिवसांत बाई एकट्या चार वर्गांना. खडूच्या रेघा तीन झाल्या फळ्यावर. हायवेच्या शाळेतल्या मिसना निदान हे तरी नाही.

इमारत: दोन खोल्या, पत्रा, एक भिंत पावसात ओल धरते. मुलींचं टॉयलेट आहे, पण पाण्याची टाकी भरायला कोणी माणूस नाही, शाळेला शिपाई मंजूरच नाही, त्यामुळे सर येता येता मोटर चालू करतात. टीव्ही मुंबईला माथाडीत असलेल्या गावकऱ्यांनी दिला, रंग गणेश मंडळानं दिला. एका भिंतीवर आफ्रिका इतकी मोठी काढलीय की भारत त्यापुढं लिंबाएवढा दिसतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले ती. दुसऱ्याच महिन्यात बाईंनी मला शाळा व्यवस्थापन समितीत घातलं. मला वाटलं हळदीकुंकू, सही वगैरे. पण वाचून बघितलं तर या समितीत पंचाहत्तर टक्के माणसं पालकच असावी लागतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठं गेला बघायचा, हे सगळं समितीचं काम. हायवेच्या शाळेत चार वर्षांत दीड लाखाच्या पुढं पैसे भरले पण ऑफिसच्या काचेपलीकडे जाऊ दिलं नाही कधी. तिथं पण कायदा आहेच, २०११ चा फी नियमनाचा, पालकांच्या कार्यकारी समितीपुढं फी ठेवायला लागते, पण ती समिती कोण, कधी निवडली, हे वर्गातल्या एकाही आईला सांगता येत नव्हतं, आणि नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे तक्रार करायची तर पंचवीस टक्के पालक एकत्र यायला पाहिजेत. स्वतःचं पोरगं आत असताना कोण सही करतंय हो. इथं मात्र मी कपाट उघडून कॅशबुक बघितलं. पहिल्या बैठकीला मी आणि अजून दोघी. मी बेरीज तपासली, चौदा रुपयांची चूक काढली, सर खूश झाले का वैतागले मला अजून कळलं नाही. तिथं मी गिऱ्हाईक होते आणि इथं म्हणे मालक. पण मालकीणबाईंना इतकी वर्षं हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि अजून पण गावातल्या निम्म्या पालकांना वाटतं समिती म्हणजे सरपंचाची माणसं.

माझे दीर, पुण्याला असतात, आयटी, त्यांचं म्हणणं की झेडपी बंद करा आणि सरकारनं प्रत्येक पोरामागं पैसे द्यावेत (व्हाउचर म्हणतात त्याला), आईबाप शाळा निवडतील. ऐकायला छान वाटतं. मी त्यांना म्हणलं, भाऊजी, पंचवीस टक्क्यांचं काय झालं ते बघा की. खासगी विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना मोफत, त्याचे पैसे सरकार शाळेला देणार, वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये. म्हणजे तुमच्या व्हाउचरचाच धाकटा भाऊ. सरकार पैसे थकवतं, मग शाळा रडतात, मग त्या पोरांवर काढतात. आमच्या शेजारच्या आजींच्या नातवाचा नंबर लागला होता लॉटरीत, पेढे वाटले गल्लीत. जूनमध्ये पुस्तकांचे, गणवेशाचे, "स्मार्ट क्लास"चे मिळून नऊ हजार मागितले. आजींनी बांगडी ठेवून भरले. आमच्याच पतसंस्थेत ठेवली, पावती मीच फाडली. पुढच्या वर्षी नातू परत झेडपीत, आणि त्याचं तोंड आठवडाभर उतरलेलं.

आणि सरकारची चाल बघा. ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम काढला की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला पंचवीस टक्के लागू नाही. महाराष्ट्रात एक किलोमीटरवर झेडपी किंवा नगरपालिकेची शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा, म्हणजे योजना जवळपास संपलीच. हायकोर्टानं मे मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो नियमच रद्द केला, नंतर सुप्रीम कोर्टानं पण तोच निकाल कायम ठेवला. या सगळ्यात त्या वर्षीचे प्रवेश लांबले. दीर म्हणाले, मग बघ, सरकार नालायकच आहे की. मी म्हणलं, नालायक आहे म्हणून तर त्याला मोकळं सोडायचं नाही. घरातला माणूस पैसे देत नसेल तर त्याला जबाबदारीतून मुक्त करतात होय?

गंमत म्हणजे हे भांडण काही आत्ताचं नाही. जोतिराव फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं, की शेतकऱ्याच्या सारातून पैसा गोळा होतो आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. गोखल्यांनी १९११ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात तसलंच बिल आणलं, ते पडलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ ला सक्तीचं आणि मोफत करून दाखवलं, पोराला न पाठवणाऱ्या बापाला दंड. आणि आपल्या सातारकरांना तर सांगायला नको, भाऊराव अण्णांनी १९१९ ला इथंच काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, ती पण सरकारी नव्हती, लोकांनी मुठीमुठीनं धान्य देऊन उभी केलेली. म्हणून "खासगी" म्हणलं की मला एकदम शिवी द्यावीशी वाटत नाही. कारंजंवाली पण खासगी आणि रयत पण. थोरली आता पाचवीपासून तसल्याच अनुदानित हायस्कूलला जाते, सायकलवर, सेमी इंग्रजीला.

इंग्लिशचं काय, हा सगळ्यांचा शेवटचा प्रश्न. झेडपीत पहिलीपासून इंग्लिश विषय आहे, २००० सालापासून आहे. बोलायला येतं का, तर नाही, फाडफाड नाही येत. थोरलीचं बोलणं माझ्या पुतण्यापेक्षा कमी आहे, तो "मम्मा आय ॲम कमिंग" म्हणतो, ही "आई आले". वाचायला मात्र दोघांना बसवलं मागच्या दिवाळीत, फटाक्याच्या खोक्यावरची सूचना इंग्लिशमधली, हिनं अडखळत का होईना पूर्ण वाचली आणि त्याला विचारलं वातीपासून किती लांब उभं राहायचं, तो म्हणाला मिस सांगतील. जाऊबाईंनी विषय बदलला. मी पण वाढवला नाही, पंगत एकच आहे.

कोणासाठी चांगली, कोणासाठी नाही ते पण लिहिते. तुमच्या घरी सकाळी नऊ ते सहा कोणीच नसेल तर अवघड आहे, शाळा सुटल्यावर बस नाही, डे केअर नाही. मुलाला काही वेगळी अडचण असेल, ऐकायची, बोलायची, तर विशेष शिक्षक आठवड्यातून एखादा दिवस येतात, कागदावर, प्रत्यक्षात कधी येतात कधी नाही. आणि तुम्हाला शाळेत फिरकायलाच वेळ नसेल तर हा सगळा जुगार आहे, लागला तर लागला. डिसले गुरुजींना २०२० ला जगातला शिक्षकांचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतला माणूस म्हणून, मी पण ठेवलं. पण स्टेटस ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपलं पोरगं झेडपीत घातलं? साहेब लोक तर सोडाच, आमच्या तालुक्यातल्या झेडपीच्या किती शिक्षकांची मुलं झेडपीत आहेत ते हळूच विचारून बघा. आमच्या बाईंचा मुलगा मात्र याच शाळेत होता, माझ्या पोरीच्या वर्गात, आणि त्याला बाकीच्यांपेक्षा दोन छड्या जास्त बसायच्या (छड्यांना पण कायद्यात बंदी आहे, ते मी बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या आई म्हणून मारते, शिक्षिका म्हणून नाही. यावर काय बोलणार).

पैशाचं तेवढं सांगून टाकते. धाकट्याचा दोन वर्षांचा शाळेचा खर्च माझ्या वहीत ३,२६० रुपये, त्यात सहलीचे ६५० आणि एक छत्री. फुकट आहे म्हणतात लोक, फुकट नाहीये, आपण पेट्रोल भरताना, साबण घेताना, आधीच भरलेलं असतं, नुसती पावती मिळत नाही.

साडेतीन का, तर गेल्या महिन्यात बदलीची यादी लागली. ऑनलाइन बदल्या असतात, शाळेत इतकी वर्षं झाली की नाव येतंच. बाई गेल्या, पलीकडच्या तालुक्यात, चाळीस किलोमीटर. निरोपाला आख्खा गाव आला होता, भट्टीवरच्या बायकांनी वर्गणी काढून साडी दिली, माझा धाकटा दोन दिवस शाळेत गेला नाही. पटावरचे पाच जण लगेच हायवेच्या शाळेत गेले, दाखले न्यायला आलेल्या पालकांना मी काही बोलू शकले नाही, काय बोलणार. नवीन सर आलेत, तरुण आहेत, लातूरकडचे, पहिली नेमणूक. अजून घर मिळालं नाही म्हणून शाळेच्याच खोलीत राहतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ताई, हा तागडीचा काटा इथं कशाला ठेवलाय.

सांगितलंय त्यांना. दिवाळीनंतर अपडेट टाकते.